जिभेखालची गोळी

सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेऐवजी पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात, ते औषध कसं देतात हे बघण्यासारखं असतं. नर्स एक छोटी गोळी कुटून तिची भुकटी करते. समोरचा माणूस तोंड उघडतो, जीभ टाळूला लावतो आणि नर्स भुकटी जिभेखाली टाकते. मग त्याने पाचेक मिनिटं बाकावर बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी मागायचं नाही. भुकटी विरघळली की पुन्हा जीभ वर, नर्सची एक नजर, रजिस्टरमध्ये सही नाहीतर अंगठा, आणि माणूस कामाला मोकळा. उद्या पुन्हा हेच. परवाही. काहींचं वर्षानुवर्षं हेच चालू असतं.

कुटायचं कारण साधं आहे. अख्खी गोळी गालात दडवून बाहेर विकता येते, जिभेखाली ओली झालेली भुकटी कोण विकत घेणार? आणि जिभेखालीच का, तर गिळलेल्या गोळीचा बहुतेक भाग यकृत वाटेतच मोडून टाकतं. जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून गेली की यकृताला वळसा घालून ती मेंदूपर्यंत पोचते.

गोळीचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. ती ज्याला देतात तो गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनात बुडालेला असतो. आणि गंमत अशी की ही गोळी हेरॉइनच्याच कुळातली आहे. दोघांचं मूळ अफूच्या बोंडात. बोंडाला चीर दिली की चीक येतो, चिकात मॉर्फिन असतं, मॉर्फिनपासून हेरॉइन करतात. त्याच चिकात थिबेन नावाचं दुसरं द्रव्य असतं. इंग्लंडमधल्या हल शहरात, रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९६६ साली जॉन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थिबेनपासून ब्युप्रेनॉर्फिन बनवलं. ते शोधत होते व्यसन न लावणारं वेदनाशामक. हाती लागलं ते औषध पुढे लाखो व्यसनी माणसांना जगवणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

मुळात माणसाच्या मेंदूत अफूसाठी जागा असाव्यात हेच चक्रावून टाकणारं आहे. १९७३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, दाखवून दिल्या. मग साहजिकच प्रश्न आला की शेतातल्या एका झाडाच्या चिकासाठी निसर्गाने आपल्या डोक्यात एवढी सोय का करून ठेवावी? उत्तर दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी, अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. वेदना सोसण्यासाठी, हायसं वाटण्यासाठी शरीराने स्वतःपुरत्या केलेल्या त्या जागा. अफू तिथे घुसते, एवढंच.

आता सणासुदीची एसटी डोळ्यांपुढे आणा. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात. ब्युप्रेनॉर्फिन हे त्यातलं. रिसेप्टरवर ते रुमाल टाकतं, पण ऐसपैस बसत नाही, नुसतं टेकतं. त्या टेकण्याने शरीराची सवय भागते. अंगदुखी, उलट्या, जुलाब, गळणारं नाक, रात्रभराची तळमळ, मुंबईच्या रस्त्यावर ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो सगळा छळ थांबतो, पण डोकं तरंगत नाही. डोस वाढवत नेला तरी परिणाम एका पातळीवर जाऊन अडतो, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनच्या मानाने फारच कमी. शिवाय हा प्रवासी महाचिवट. मागून हेरॉइन चढलं तरी ते त्याला उठवू शकत नाही, त्या दिवशीची पुडी वाया जाते.

उलटंही होतं, आणि तिथे नर्सची कसोटी लागते. आधीच हेरॉइन बसलेलं असताना ही गोळी दिली, तर ती त्याला एका झटक्यात उठवून जागा बळकावते. क्षणापूर्वी बरा असलेला माणूस टर्कीने वाकडा होतो. म्हणून पहिल्या दिवशी नर्स डोळ्यांच्या बाहुल्या बघते, अंगावर शहारा आहे का बघते, जांभया येताहेत का विचारते. लक्षणं नसतील तर सरळ परत पाठवते, अजून टर्की लागलेली नाही, दुपारी ये. उपचार मागायला आलेल्याला आधी थोडा त्रास होऊ दे म्हणून सांगणारा दवाखाना दुसरा कुठला असेल?

याच घराण्यातलं आणखी एक औषध नॅलोक्सोन. ते जागा पूर्ण धरतं आणि बदल्यात काहीच देत नाही. हेरॉइनचा डोस जास्त झाला की मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वासाचं केंद्र मंदावतं. ओठ निळे पडतात, माणूस घोरल्यासारखा आवाज करतो आणि थांबतो. अशा वेळी नॅलोक्सोन टोचलं की दोन-चार मिनिटांत तो उठून बसतो. बहुधा चिडलेला असतो, कारण नशा उतरलेली असते. ज्याने अफूजन्य काही घेतलेलंच नाही त्याच्यावर नॅलोक्सोनचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. पण त्याचा अंमल तासभर, फार तर दीड तास. त्यानंतर अंगातलं उरलेलं हेरॉइन पुन्हा जागा धरू शकतं, म्हणून उठून बसलेल्याला एकटं सोडायचं नसतं.

रेणू एवढे हुशार असले तरी ते स्वतःहून पुलाखाली जात नाहीत. त्यांना तिथे नेणारी माणसं लागतात, आणि त्या माणसांच्या मागे उभी राहणारी संस्था लागते. ही माणसं मला त्या रेणूंइतकीच नवलाची वाटतात. समाज त्यांना विचारतो, किती जणांची सुटली? आणि त्यांना सांगायचं असतं की यंदा आमचे किती जण मेले नाहीत.

आमच्या मावळात कुणाच्या घरात व्यसन निघालं की लोक एकच नाव सांगतात, मुक्तांगण. कामशेतहून लोकल धरायची, पुण्याला उतरायचं आणि येरवडा गाठायचं. त्या नावामागची गोष्ट मराठी वाचकाला बहुतेक ठाऊक असते. १९७९ नंतर इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांनी अफूचे जुने मार्ग उलटेपालटे केले आणि ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे हाच गर्द, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत उतरली. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये पुढे केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यांनी काम अंगावर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. १९९७ साली कर्करोगाने अनिताताई गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्था सांभाळली. एका लेखमालेतून दवाखाना उभा राहावा, आणि तो चाळीस वर्षं टिकावा, ही महाराष्ट्रातली साधी गोष्ट नाही.

मुंबईत त्याआधीच, १९८१ साली, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. धर्मगुरू, योगासनं आणि व्यसनमुक्ती असा त्रिवेणी संगम कागदावर जरा विचित्र दिसतो, पण चालला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन्ही घरांचा पाया एक, नशा पूर्ण बंद. ज्याच्यामागे घर आहे, हात धरून आणणारी आई आहे, बायको आहे, त्याला हा रस्ता सापडतो. पण घर केव्हाच सुटलेलं, खिशात कागद नाही, हातावर गळवं, दवाखान्याचा वॉचमन फाटकातूनच हाकलतो, आणि ‘सोड’ म्हटलं तर आज सुटणार नाही हे त्यालाही माहीत आहे, अशा माणसाचं काय? त्याच्यापासून सुरुवात करणाऱ्या कामाला जगभर हार्म रिडक्शन म्हणतात. तू घेतोस ते आज थांबत नसेल, तर निदान मरू नकोस, आजार लावून घेऊ नकोस, दुसऱ्याला देऊ नकोस. उरलेलं उद्या बोलू. या दोन वाटांत भांडण लावायची काही तज्ज्ञांना हौस असते. मला त्यात अर्थ दिसत नाही. पहिल्या वाटेवर यायला माणूस जिवंत लागतो.

ही कल्पना डॉक्टरांच्या डोक्यातून निघालेली नाही, हे मला फार आवडतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये नशा करणाऱ्यांनीच आपल्या संघटना काढल्या होत्या. त्या काळात हिपॅटायटिस बी पसरत होता. ॲमस्टरडॅममधल्या संघटनेने आरोग्य खात्याकडे मागणी लावून धरली, जुन्या सुया घ्या आणि नव्या द्या. १९८४ साली ते सुरू झालं. उत्तरेला एडिंबरामध्ये नेमकं उलट घडत होतं. पोलिसांचा दबाव आणि औषध दुकानदारांचा नकार यामुळे तिथे सिरिंज मिळेनाशा झाल्या. लोकांनी टोचणं थांबवलं नाही, एकच सिरिंज दहा हातांत फिरू लागली. एचआयव्हीची चाचणी आली तेव्हा रॉय रॉबर्टसन या डॉक्टरने आपल्याकडच्या १६४ हेरॉइन घेणाऱ्यांचं रक्त तपासलं. ५१ टक्क्यांना लागण झालेली होती. शहर स्वच्छ ठेवण्याच्या खटपटीने हे केलं होतं.

आपल्याकडे मणिपूरने हाच धडा आणखी वेगात गिरवला. १९८९च्या सप्टेंबरपर्यंत तिथल्या टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो होता.

एवढा वेग कशाने येतो हे समजायला सिरिंज हातात घेऊन बघावी. दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी दट्ट्याचं टोक आणि सुईचं टोक यांच्यामध्ये थोडी पोकळी उरते. सुई वेगळी लावायची असेल त्या सिरिंजमध्ये ती जास्त, इन्शुलिनच्या एकसंध सिरिंजमध्ये अगदी कमी. त्या पोकळीत थेंबाचा काही भाग रक्त राहतं. रक्त उघड्यावर वाळतं, आत वाळत नाही. प्रयोगशाळेत हिपॅटायटिस सीचा विषाणू अशा सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळला आहे. म्हणजे गटाराच्या कडेला पडलेली, कुणीतरी दोन महिन्यांनी उचललेली सिरिंजसुद्धा रोग घेऊन फिरत असू शकते. म्हणून संस्थेची माणसं नवी सिरिंज देण्याइतकंच जुनी परत घेण्याला महत्त्व देतात. जाड, सुई आरपार न जाणारा डबा घेऊन ती वस्त्यांत फिरतात आणि परत आलेल्या सुयांचा हिशेब ठेवतात.

मुंबईत या कामाशी जोडलेलं नाव म्हणजे संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट. एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ साली तो सुरू केला, तो रस्त्यावर राहून नशा करणाऱ्यांसाठी. तेव्हा वर्तमानपत्रं अशांना सरसकट गर्दुल्ले म्हणत, अजूनही म्हणतात, आणि बातमीत ते येत फक्त चोरी झाली की. अशा संस्थेचं ड्रॉप-इन सेंटर बाहेरून बघितलं तर नशेविषयी तिथे काही चालतं असं वाटणारही नाही. कुणी अंघोळ करतोय, कुणी झोपलाय, कुणाच्या पायाचं ड्रेसिंग चाललंय. टोचून टोचून शिरा बसतात, मग मांडीत, मानेत टोचतात, गळू होतं, ते पिकतं. सरकारी दवाखान्यात वास येतो म्हणून हाकलतात. इथे मलमपट्टी करणारा बहुधा स्वतः कधीतरी त्याच पुलाखाली राहिलेला असतो. जखम धुताना तो काही उपदेश करत नाही, आणि माझ्या मते याच कारणासाठी माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. परत आला की एक दिवस कावीळ तपासून घेतो, एक दिवस गोळीबद्दल विचारतो.

ही संस्था चालवणाऱ्याची कसरत वेगळीच. पोलीस ठाण्यात नवे साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून समजवायचं की आमचा कार्यकर्ता सिरिंज वाटतो म्हणजे नशा वाटत नाही. शेजारच्या सोसायटीला पटवायचं की केंद्र इथे आहे म्हणून गर्दुल्ले आलेले नाहीत, ते होते म्हणून केंद्र आलं. देणगीदाराला फोटो हवा असतो, सुधारलेल्या तरुणाचा, शक्यतो आईसोबत. पुलाखाली चार-पाच वर्षं एचआयव्हीविना जगलेल्या माणसाचा फोटो कसा काढायचा? २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सने जे देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध केलं त्यात टोचून नशा करणाऱ्यांचा अंदाज साडेआठ लाखांचा आहे. अफूजन्य पदार्थ या ना त्या रूपात घेणारे दोन कोटी सव्वीस लाख. महाराष्ट्र त्यातल्या मोठ्या राज्यांपैकी एक. हे सगळे काही ड्रॉप-इन सेंटरच्या दारात उभे नाहीत.

ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे आधी अशा संस्थांनीच वापरून दाखवलं. दिल्लीत शरण या संस्थेने नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या लोकांना ते द्यायला सुरुवात केली. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ते अधिकृतपणे उचललं २००७ नंतर, तिसऱ्या टप्प्यात. तोवर संस्था आणि त्यांचे प्रमुख कायद्याच्या काठावरच चालत होते, कारण कायद्याच्या भाषेत त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण गुन्हेगार होता.

हा कायदा म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. त्याआधी गांजा काही ठिकाणी सरकारमान्य ठेक्यांवर मिळत असे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर थाप वाटते. त्याहून मागे जा. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला सात जणांचा आयोग नेमला. आयोगाने देशभर ११९३ साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी लठ्ठ अहवाल दिला, सरसकट बंदीची गरज नाही, कर लावा आणि नियंत्रण ठेवा. तीन भारतीय सभासदांपैकी दोघांनी विरोधी मत नोंदवलं, तेही वाचनीय आहे. साहेबाला महसूल प्यारा होता हे खरंच, तरीही नशेबद्दल मत बनवण्याआधी हजारावर माणसांना विचारावं ही रीत आपण नंतर विसरलो.

नाही म्हणायला दारूच्या बाबतीत महाराष्ट्र कर आणि नियंत्रणाच्या याच वाटेने चालतो. कामशेतमधून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे हायवेला परमिट रूमच्या पाट्या आहेत, तशा राज्यभर आहेत. या पाट्यांचा उगम १९४९च्या दारूबंदी कायद्यात. तो कायदा अजून जिवंत आहे आणि त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. कडक दारूसाठी वयाची अट २५. बंदीच्या कायद्याखाली परवाना, कर, वयाची अट आणि दुकानाची वेळ, असा सगळा संसार आपण मांडला आहे. तो चांगला चाललाय असं मावळातल्या कुठल्याही गावातली बाई म्हणणार नाही. पण दारुड्याला तुरुंगात टाकून दारू सुटते असंही ती म्हणत नाही.

एनडीपीएस मात्र कडक होत गेला. १९८९ साली त्यात कलम ३१-ए आलं. ठरावीक प्रमाणाहून जास्त मालाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर फाशीच. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यात काश्मीरच्या एका माणसाला २००८ साली अशी शिक्षा सुनावली. त्या कलमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत होतं इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क, म्हणजे सुया बदलून देणाऱ्या, गळवं धुणाऱ्या संस्थांचंच जाळं. त्यांचे वकील लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर. मलमपट्टी करणाऱ्यांना फाशीशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. त्यांचा हिशेब सरळ होता. कायदा जितका भयानक, तितका माणूस लपून टोचणार, आणि जितका लपणार तितका आमच्या हाताबाहेर.

१६ जून २०११ रोजी न्यायमूर्ती ए. एम. खानविलकर आणि ए. पी. भंगाळे यांनी निकाल दिला. त्यांनी फाशी रद्द केली नाही, फाशीची सक्ती घटनेच्या कलम २१ विरुद्ध ठरवली. ‘दिलीच पाहिजे’ हे ‘देता येईल’ असं वाचावं, म्हणाले. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली सक्तीची फाशी न्यायालयाने हटवल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. तीन वर्षांनी, २०१४ साली, संसदेने कायद्यातच तसा बदल केला. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जिची बातमी फारशी झाली नाही. मॉर्फिनसारख्या औषधांना अत्यावश्यक अमली औषधं असा वेगळा वर्ग देऊन देशभर एकच नियम केला. तोवर एकेका राज्यात चार-चार परवाने लागत आणि अफू पिकवणाऱ्या या देशातला कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिनविना तळमळत असे.

या दुरुस्तीचं शेपूट मजेदार आहे. नवी व्याख्या मध्ये घुसवताना जुन्या व्याख्येचा क्रमांक एकाने पुढे सरकला, पण तिच्यावर टेकलेल्या कलम २७-ए मध्ये जुनाच क्रमांक राहिला. म्हणजे तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांसाठीचं हे जबर कलम सात वर्षं भलत्याच व्याख्येकडे बोट दाखवत होतं, आणि त्याखाली लोक आत जात होते. २०२१ साली त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर धावपळ करून वटहुकूम निघाला.

आनंद ग्रोव्हरांची या वाटेवरची सुरुवात मात्र एका हरलेल्या खटल्याने झाली होती. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करून आला, त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. आई लुसी डिसोझा न्यायालयात गेल्या. न्यायालयाने कायदा उचलून धरला. आजाऱ्याला कोंडलं की बाकीचे आजारी लपतात, त्यातून आजार वाढतो, हा त्या वेळी न पटलेला युक्तिवाद ग्रोव्हरांनी सोडला नाही. २००८ ते २०१४ ते आरोग्याच्या हक्काविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होते. २०१० साली त्यांनी आमसभेपुढे ठेवलेल्या अहवालात अमली पदार्थांविरुद्धच्या जागतिक कायद्यांनी आरोग्याचं किती नुकसान केलं हे मांडलं. लॉयर्स कलेक्टिव्हनेच आधी मसुदा केलेला एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ साली संमत झाला.

त्या कायद्यातलं कलम २२ मुद्दाम वाचावं. संसर्गाची जोखीम कमी करणाऱ्या कामाला कुणी अडवू शकत नाही, त्यासाठी कुणावर फौजदारी वा दिवाणी जबाबदारी येत नाही. पुढे छोटी उदाहरणं दिली आहेत. एक संस्था टोचून नशा करणाऱ्याकडून वापरलेली सुई घेते आणि त्याला स्वच्छ सुई देते. संस्थाही दोषी नाही, घेणाराही नाही. ॲमस्टरडॅमच्या नशेबाजांची मागणी भारताच्या राजपत्रात छापून आली.

देणाऱ्याला अभय मिळालं. घेणाऱ्याचं प्रकरण अजून निम्म्यावर आहे. एनडीपीएसच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हाच, हेरॉइनसाठी वर्षभरापर्यंत कैद. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम ६४-ए खाली खटल्यातून सूट आहे. १९८९ साली ही सवलत ठेवताना आयुष्यात एकदाच अशी अट घातली होती. नशेचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो हे ध्यानात आल्यावर २००१ साली ती काढली. आता अट आहे ती उपचार पूर्ण करण्याची, मध्येच सोडला तर सूट काढून घेता येते. आणि जिभेखालची गोळी काही जण आठ-आठ, दहा-दहा वर्षं घेतात, मधल्या काळात हमाली करतात, रिक्षा चालवतात, मुलांच्या फिया भरतात. डॉक्टर म्हणतात, मधुमेहाच्या गोळीचा कोर्स कधी पूर्ण होतो? खासगी वापराचं थोडं प्रमाण गुन्ह्यातून वगळावं अशी शिफारस सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ साली अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात एनडीपीएस दुरुस्ती विधेयक संसदेत आलं, मंजूरही झालं. त्यात फक्त चुकलेला क्रमांक दुरुस्त केला होता.